गब्बर परत आला, लेडीज बाल्कनी कुठे आहे?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी लागलेला ‘शोले’ १२ डिसेंबर २०२५ ला पुन्हा थिएटरांत लागला. मधल्या पन्नास वर्षांत हा पिक्चर पाहायचा राहिलेले घर सापडणे कठीण. लोकांनी तो व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, लग्नघरात भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर जागून पाहिला, टीव्हीवर पाहिला, आणि आता मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहतात. ज्या पोरांनी अख्खा पिक्चर कधी पाहिला नाही त्यांनाही संवाद पाठ असतात. तरीही माणसे तिकीट काढून गेली. आमच्या तालुक्याच्या गावात एकच टॉकीज उरली आहे, तिथेही तो दोन आठवडे चालला.

त्यावरून या सदराकडे काही पत्रे आली, त्यातली दोन आज घेते. एका आजोबांनी लिहिले आहे, तरुणपणी दीड रुपयात पाहिलेला पिक्चर आता दीडशे रुपयांत पुन्हा कशासाठी पाहायचा? एका भगिनीचे पत्र छोटे आहे. मुले ‘शोले’ला चला म्हणून मागे लागली आहेत, पण लग्नानंतर मी टॉकीजची पायरी चढलेली नाही, तिथे आता बायका जातात का?

पिक्चर पाहावा की पाहू नये, हा वाद मी इथे काढत नाही. ज्या घरात पाहत नाहीत त्या घराचा मान आहेच. पण ज्या घरांत रोज रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर सगळे बसतात, त्यांच्याशी बोलायला हरकत नसावी.

आजोबांचे उत्तर सोपे आहे. चाचा, तुम्ही पाहिला तो आणि आता लागला तो पिक्चर अगदी एकच नाही. १९७५ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाला ‘शोले’ लागला तो ७० एमएमच्या रुंद पडद्यावर, स्टिरिओ आवाजात. जयने नाणे उडवले की ते आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून लोक वाकून बघत, असे त्या वेळचे लोक आजही हसत सांगतात. त्या एका टॉकीजमध्ये हा पिक्चर पाच वर्षे चालला. पण ७० एमएम दाखवण्याची सोय असलेल्या टॉकीज तेव्हा होत्या किती? तालुक्याच्या गावांनी पाहिला तो ३५ एमएमचा, पडद्यामागच्या एका कर्ण्यातून ऐकू येणारा ‘शोले’. प्रिंट आपल्याकडे यायची तीही शहरे फिरून, ओरखडे घेऊन. कुठे रीळ तुटले असेल तर ऑपरेटरने दोन हात फिल्म कापून जोडलेले असायचे. मग गाडी स्टेशनात शिरली की पुढच्याच क्षणी माणसे घोड्यावर, असा प्रकार होई आणि खालून शिट्ट्या पडत. तेव्हा रुंद पडद्यावरचा ‘शोले’ आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलाच नव्हता म्हणायला हरकत नाही.

दुसरा फरक शेवटचा. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारून टाकतो. पिक्चर तयार झाला तेव्हा देशात आणीबाणी लागली होती. एक माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालले नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रित झाला. त्यात ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो. भारतातल्या थिएटरांनी पन्नास वर्षे तोच शेवट दाखवला. कॅसेटच्या जमान्यात काहींनी मूळ शेवट पाहिला असेल, पण मोठ्या पडद्यावर तो आता आला. माझे मत विचाराल तर मला जुना, पोलीस येणारा शेवटच बरा वाटत असे. नव्याने पाहिल्यावर पटले की ज्या माणसाचे हात तोडले गेले, घरातली बहुतेक माणसे मारली गेली, त्याची गोष्ट मूळ शेवटाशिवाय अर्धी राहते. मुलांसाठी मात्र हा शेवट जड आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

हे सगळे परत मिळाले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. फिल्म ही लोणच्यासारखी जपावी लागते. थंड, कोरड्या जागी ठेवली नाही तर तिला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो, ती आक्रसते, चिकटते आणि एके दिवशी हातात भुगा येतो. ‘शोले’ची मूळ निगेटिव्ह अशीच खराब झाली होती, आणि ७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था आणि सिप्पी फिल्म्स यांनी मिळून शोध घेतला. इंग्लंडमधल्या एका गोदामात त्या काळची रिळे मिळाली, त्यांतच मूळ शेवट आणि गाळलेले दोन प्रसंग निघाले. इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या प्रयोगशाळेत चित्रे एकेक करून साफ झाली. या कामाला जवळपास तीन वर्षे लागली. जून २०२५ मध्ये त्याच शहरात, चौकात उभारलेल्या मोठ्या पडद्यासमोर, उघड्या आभाळाखाली हा पिक्चर दाखवला गेला. रामनगरच्या खडकांत आणि पनवेलजवळच्या रेल्वेरुळांवर घडलेला पिक्चर, इटलीच्या चौकात. धर्मेंद्र तेव्हा हयात होते. आपल्याकडे पिक्चर लागायच्या अठराच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला, ते गेले. त्यामुळे टाकीवरच्या प्रसंगाला हसता हसता अनेकांचे डोळे पाणावलेले मी पाहिले.

दीडशे रुपयांचे म्हणाल तर त्यात सरकारचाही वाटा आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. आमच्या टॉकीजचे मालक म्हणूनच खालच्या खुर्च्या शंभरच्या आत ठेवतात. त्यांच्याशी बोलले तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला. मोठे नवे पिक्चर वर्षातून मोजके येतात. ते लागले की चार दिवस गर्दी, सोमवारपासून खुर्च्या रिकाम्या. दोन मोठ्या पिक्चरांच्या मधले आठवडे कसे भरायचे? जुना पिक्चर त्या खिंडारात बसतो. जाहिरातीचा खर्च नाही, लोकांना गोष्ट ठाऊक, आणि बापाला मुलाला दाखवायची हौस. ऑपरेटरच्या खोलीत आता रिळांचे डबेही येत नाहीत. पिक्चर हार्ड डिस्कवर किंवा थेट सॅटेलाइटवरून येतो, त्याला कुलूप असते, आणि ठरलेल्या तारखांपुरती किल्ली त्या मशीनला मिळते. पूर्वी हाच ‘शोले’ म्हणजे अठरा हजार फुटांच्या आसपास फिल्म, डब्यांची चळत. दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट असली तर पहिले रीळ संपले की पोरगा ते सायकलवर टाकून दुसऱ्या टॉकीजकडे पळत असे. वाटेत सायकल पंक्चर झाली तर तिथल्या प्रेक्षकांना सक्तीचा इंटरव्हल.

पण जुना मारधाडीचा पिक्चर पुन्हा लागणे ही नवी गोष्ट आहे असे जे वर्तमानपत्रांत छापून येते, ते काही खरे नाही. ‘मुघल-ए-आझम’ रंगीत होऊन १२ नोव्हेंबर २००४ ला, दिवाळी आणि ईद हातात हात घालून आल्या त्या आठवड्यात, परत लागला होता. अम्मी तेव्हा हट्टाने गेल्या होत्या. त्याहीपेक्षा खरी गोष्ट म्हणजे गरिबांच्या टॉकीजमधून जुने पिक्चर कधी गेलेच नव्हते. मुंबईत ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजला धर्मेंद्र, मिथुन यांचे जुने पिक्चर वर्षानुवर्षे लागत राहिले. घरापासून दूर, खोलीत दहा-दहा जण राहणारे कामगार थोड्या पैशांत तीन तास पंख्याखाली बसत. त्या टॉकीजचे बोर्ड शेख रहमान नावाचे पेंटर हाताने रंगवत. छापील फ्लेक्सचा जमाना आल्यावरही त्यांचा ब्रश थांबला नव्हता. त्यांच्यावर ‘ओरिजिनल कॉपी’ नावाचा माहितीपट निघाला तो परदेशी मंडळींनी काढला.

आणि आपल्या गावाकडचे तंबू? जत्रेत, उरसात ट्रकवरून येणारी टुरिंग टॉकीज अनेकांना आठवत असेल. दोन बांबूंच्या मध्ये पडदा, खाली जमीन, एका बाजूला बाप्ये आणि दुसऱ्या बाजूला बायका. पिक्चर नेहमीच जुना, कारण नव्या पिक्चरची प्रिंट परवडत नसे, आणि बहुतेक वेळा मारधाडीचा किंवा देवादिकांचा, कारण दिवसभर जत्रेत फिरून आलेल्या माणसाला डोळे उघडे ठेवायला तेच लागते. या तंबूवाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट आहे, २०१६ साली कान महोत्सवात त्याचे कौतुक झाले. मशीन बंद पडत चालली आहेत, ट्रक गंजत चालले आहेत, तरी माणसे हंगाम सोडत नाहीत, असा तो सगळा मामला.

मालेगावची गोष्ट तर सगळ्यांत निराळी. तिथे यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी. आठवडाभर खटखट ऐकून कान किटलेला कारागीर जुम्म्याची नमाज झाली की टॉकीजकडे वळायचा. पण मालेगावने पिक्चर नुसता पाहिला नाही, स्वतः काढला. नासिर शेख या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माणसाने ‘मालेगाव के शोले’ बनवला. घोड्यांचा खर्च कोण करणार, म्हणून डाकू सायकलींवर. कॅमेरा वर न्यायला क्रेन नाही, तर बैलगाडी आहे. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला, त्यातला सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख. तो हडकुळा होता आणि गंभीर आजारी होता. त्या सगळ्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला त्याच गोष्टीवर रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरांत आला. दोन्ही घरच्यांसोबत बसून पाहण्यासारखे आहेत. पाहताना एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. या पिक्चरवेड्या गावाला आपल्या पिक्चरसाठी गावातली एक मुलगी मिळत नाही. नटी बाहेरगावाहून आणावी लागते. आणि पिक्चर तयार झाल्यावर तो पाहायला टॉकीजमध्ये बसलेली गर्दीही सगळी पुरुषांचीच.

मालेगावचे नाव निघाले म्हणून एक कडवट गोष्टही सांगून टाकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टायगर ३’ चालू असताना तिथल्या एका थिएटरात, बंद हॉलमध्ये, पोरांनी फटाक्यांच्या माळा आणि रॉकेट उडवले. लोक खुर्च्यांवरून उड्या मारत बाहेर पळाले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, खुद्द सलमान खानने असे करू नका म्हणून सांगितले. याला हौस म्हणत नाहीत. ज्या हॉलमध्ये कोणी लहान मूल घेऊन, कोणी म्हाताऱ्या आईला घेऊन आले असेल तिथे आग लावायची, आणि मग बायका थिएटरात का येत नाहीत असे विचारायचे! मला वाटते तिथे त्या दिवशी एका ओळीत दहा बायका मुलांना घेऊन बसलेल्या असत्या तर त्याच पोरांच्या खिशातली काडेपेटी बाहेर आली नसती. घरची माणसे बघत असली की आपली पोरे बरी वागतात, हे कोणत्याही आईला ठाऊक असते.

तर आता त्या भगिनीचा प्रश्न. बायका जातात का? शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये जातात, पण तिथे चौघांचे कुटुंब गेले की तिकीट, पॉपकॉर्न आणि रिक्षा धरून हजार-दीड हजाराला फोडणी. गावातल्या टॉकीजमध्ये फार कमी जातात. मी ‘शोले’ला गेले त्या दुपारी साठ-सत्तर माणसांत आम्ही पाच बायका होतो, त्यातल्या तिघी एकाच घरातल्या.

पूर्वी असे नव्हते, हे नव्या पिढीला सांगावे लागते. आमच्या गावच्या टॉकीजला लेडीज तिकिटाची खिडकी वेगळी होती, जिना वेगळा होता आणि बाल्कनीचा डावा भाग लाकडी कठडा घालून बायकांसाठी राखलेला होता. दुपारी बाराच्या खेळाला बायकांचा जथा निघे. अम्मी, खाला, शेजारच्या कुलकर्णी काकू, कासाराची सून, सगळ्या मिळून. आत गेले की बुरखे घडी घालून मांडीवर, डब्यातून शंकरपाळी फिरायला लागे. पिक्चर कोणता याच्याशी फार घेणेदेणे नसे. मारधाडीचा असला तरी बायका जात, आणि धर्मेंद्रने कोणाला मारले तर ‘अजून एक दे’ म्हणणाऱ्यांत आमच्या खालाचा आवाज सगळ्यांत मोठा. दाराशी म्हातारे डोअरकीपर चाचा असत. घरून निरोप आला की अंधारात बॅटरी मारत वर येऊन हळूच सांगत, अमक्याच्या अम्मी, पाहुणे आलेत. कोणी पोरगा जिन्यात घुटमळला तर त्याच्या बापाचे नाव त्यांना पाठ असे.

ही बाल्कनी कोणी बंद केली? कोणी एकाने नाही. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आले, मग व्हीसीआर, मग केबल. बायकांना घरबसल्या पिक्चर मिळाला, त्या यायच्या थांबल्या. बायका थांबल्या तसे मालकांनी उरलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून पिक्चर आणायला सुरुवात केली. पोस्टर असे लागू लागले की त्या रस्त्याने मुलींना शाळेत पाठवायलाही आया कचरू लागल्या. लेडीज खिडकीला फळी मारली गेली. संडास पडला तो कोणी बांधला नाही. दहा वर्षांत ‘टॉकीज ही बायकांची जागाच नव्हे’ असे सगळे बोलू लागले, जणू ती कधी नव्हतीच. गंमत अशी की धर्माचे, रीतीचे कारण त्यानंतर पुढे आले. माझी दादी पाच वक्तांची नमाजी होती आणि वर्षातून दोन पिक्चर तिचे ठरलेले होते. त्यात तिला काही विसंगत वाटल्याचे मी कधी ऐकले नाही.

‘शोले’ पाहताना या वेळी मला पडद्यावर जे दिसत होते त्याच्या मागचेच जास्त आठवत होते. बसंतीचा टांगा डाकूंच्या पुढे उधळतो, चाक निखळते, तो सारा प्रसंग. चेहरा हेमा मालिनीचा, पण टांग्यावर जीव धोक्यात घालणारी रेश्मा पठाण. घरच्या गरिबीमुळे चौदाव्या वर्षी ती स्टंटच्या कामाला लागली. त्या काळी नायिकेच्या जागीही पुरुषालाच साडी नेसवून उडी मारायला लावत. ‘शोले’च्या वेळी टांगा उलटून ती जखमी झाली आणि बरी होऊन पुन्हा कामावर आली. स्टंट कलाकारांच्या संघटनेत सभासद झालेली ती पहिली बाई. २०१९ साली तिच्या आयुष्यावर ‘द शोले गर्ल’ नावाचा पिक्चर निघाला तेव्हा कुठे लोकांना नाव कळले. एक पठाण मुलगी पन्नास वर्षांपूर्वी घोड्यांचे लगाम धरून पडद्यावर होती, आणि आम्ही आज समोरच्या खुर्चीवर बसावे की नाही याचा विचार करतो आहोत.

इमामसाहेबांबद्दलही दोन शब्द. आपल्या घरांत हा पिक्चर जो मनाला लागला त्यात ए. के. हंगल यांच्या त्या आंधळ्या इमामांचा वाटा मोठा आहे. आता काही तरुण मुले म्हणतात, जुन्या पिक्चरमधला मुसलमान म्हणजे एकतर दोस्तासाठी जीव देणारा पठाण, नाहीतर प्रेमळ चाचा, आणि शेवटी मरायचे त्यानेच किंवा त्याच्या मुलाने. ‘जंजीर’चा शेरखान, ‘दीवार’मध्ये ७८६ चा बिल्ला समजावून सांगणारा गोदीतला रहीम चाचा, अशी यादी ते देतात. त्यात तथ्य आहे. अहमदला, म्हणजे आपल्या सचिन पिळगावकरांना, जबलपूरच्या बिडी कारखान्यातल्या नोकरीवर जायचे असते आणि वाटेतच तो मारला जातो. गोष्ट पुढे सरकायला एका गरीब पोराचा मुडदा लागतो. पण पुढचे नीट बघा. मुलाचे प्रेत समोर आल्यावर सगळे गाव म्हणते की जय आणि वीरूला गब्बरच्या हवाली करा, आमच्याने हे ओझे पेलत नाही. ज्याचे सर्वांत जास्त गेले तो म्हातारा उभा राहतो आणि गावाला लाजवतो, आणि मग नमाजीसाठी मशिदीच्या पायऱ्यांकडे वळतो. पूर्ण पिक्चरमध्ये बंदूक न धरता गावाचा निर्णय बदलणारा माणूस तो एकच आहे. सलीम–जावेदनी हे त्याच्या तोंडी का दिले, याचा विचार मुलांनी करावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी घरी यावर बोलता येईल, आणि ती वाद घालतील तर घालू द्या.

लहानांना नेऊ नका. दहाच्या आतल्या मुलांना ठाकूरच्या घरातला प्रसंग आणि नवा शेवट दोन्ही झोपू देणार नाहीत. कोणत्याही जुन्या पिक्चरला जाताना पोस्टरवरचे सर्टिफिकेट पाहून जा. आता ‘यूए’चे तीन प्रकार झाले आहेत, सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. पूर्वी नुसते ‘यूए’ लिहून मोकळे होत, आता आईबापांना निदान अंदाज येतो. वेळही बघून ठरवा. हा पिक्चर जवळपास साडेतीन तासांचा आहे, आणि थंडीच्या दिवसांत मगरिब सहाच्या सुमारास होते. तीनचा खेळ घेतला तर असरही जाते आणि मगरिबही. बाराचा घेतला तर जोहर वक्तात मिळते, नाहीतर रात्री इशा करून नऊचा. मालकांना हे सांगितले तर ते हसले नाहीत. म्हणाले, दीदी, आमच्या निम्म्या गिऱ्हाइकाचा हाच हिशेब असतो, म्हणून तर रमजानमध्ये आम्ही खुर्च्या दुरुस्त करून घेतो आणि ईदला पडदा उघडतो. सलमानचा ‘वाँटेड’ २००९ च्या ईदला लागला होता त्या आठवड्यात त्यांनी दारात जादा बाके टाकली होती म्हणे.

त्याच बैठकीत मी त्यांना लेडीज खेळाचे विचारले. आठवड्यातून एक दिवस, दुपारी बाराचा, फक्त बायका आणि मुले. आधी नाहीच म्हणाले. मशीन चालू केले की वीज, माणसे, पिक्चरवाल्याचा वाटा, हे सगळे निघाले पाहिजे. वरच्या बाल्कनीत आता मोडक्या खुर्च्या आणि कबुतरे आहेत. मग मी म्हटले, बाल्कनी राहू द्या, सगळा हॉलच बायकांना द्या, पण संडास आधी नीट करा, आतून कडी लागली पाहिजे आणि पाणी असले पाहिजे. दारावर डोअरकीपर बाई ठेवा. यावर ते थोडे नरमले. म्हणाले, चाळीस तिकिटांचे पैसे आगाऊ द्या, शंभराच्या आतल्या दराने, रमजानच्या आधीच्या गुरुवारी खेळ लावतो. कोणता पिक्चर तो तुम्ही ठरवा, मिळाला तर तोच, नाही मिळाला तर मला विचारा. संडासाचे काम गवंड्याला सांगितले आहे, परवा जाऊन बघितले तर विटा येऊन पडल्या होत्या.

यादी आमच्या खालाच्या घरी आहे. खाला आता शहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण पहिले नाव त्यांनी स्वतःचे लिहिले आणि त्याखाली ‘धर्मेंद्रचाच पाहिजे’ अशी सूचनाही. कालपर्यंत एकतीस नावे झाली आहेत. त्यात कुलकर्णी काकूंच्या दोन सुना आहेत, बचत गटातल्या आठजणी आहेत आणि दहावीच्या तीन मुली आहेत, त्यांनी परीक्षा असूनही आयांना पटवले आहे. अजून नऊ हव्यात. आपल्या गावात अशी टॉकीज उरली असेल तर मालकांना जाऊन भेटा, चौघी-पाचजणी मिळून जा, आणि काय उत्तर मिळाले ते मला कळवा. पत्ता नेहमीचाच.